बाईंची लाल नखं

माझी बायको म्हाताऱ्या माणसांच्या पायांची नखं काढते. हे मी सरळ सांगून टाकतो, कारण पूर्वी आडून आडून सांगायचो. "समाजसेवा करते" म्हटलं की लोक मान डोलवायचे आणि विषय बदलायचे. "नखं काढते" म्हटलं की आधी नाक मुरडतात, आणि निघताना दाराशी हळूच विचारतात, "आमच्या आईकडे येतील का हो?"

आमच्या भागात ज्येष्ठांची एक संस्था आहे. साठ पूर्ण झाल्याशिवाय आत घेत नाहीत. दुपारी पत्ते, मधूनमधून रक्तदाबाची तपासणी, आणि ज्यांना वाकता येत नाही त्यांच्या घरी जाऊन नखं काढून द्यायची सोय. ही सोय म्हणजे आमची ही. संस्थेत तिला सगळे नखवाल्या वहिनी म्हणतात. मीही संस्थेचा सभासद आहे, पण मला सगळे "वहिनींचे स्कूटरवाले" म्हणतात. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढली, त्याची कोणाला आठवण नाही.

यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने सत्तरीच्या पुढे गेल्यावर बघावं. कंबर धरते, पोट आडवं येतं, अंगठा दिसत नाही आणि दिसला तर हात पोचत नाही. नख जाड होतं आणि कडेने मांसात घुसायला लागतं. मग माणूस चप्पल टाळतो, मग बाहेर पडणं टाळतो. शेवटी घरातल्या घरात तोल जाऊन पडतो आणि सगळे म्हणतात, वय झालं.

हिला पायांची सवय जुनी. लग्नाआधीपासून ती चपला-बुटांच्या दुकानात होती. गिऱ्हाईक वर स्टुलावर आणि ही खाली, गुडघे टेकून. एकदा एक आजोबा एक नंबर मोठे बूट मागायला आले. हिने मोजा काढून बघितलं, तर पाय तेवढाच, नखं मात्र वाढलेली. हिने गल्ल्यातून नेलकटर आणला, तिथेच नखं काढली आणि आजोबा आपल्या जुन्याच बुटांत पाय घालून खूश होऊन गेले. मालकाने डोक्याला हात लावला. पुढे ते दुकान बंद पडलं, पण आजोबांनी संस्थेत हिचं नाव सांगून ठेवलं होतं.

तिची पद्धत ठरलेली. कोमट पाण्याच्या टबात पाय भिजवायचे, पुसायचे, खाली वर्तमानपत्र अंथरायचं, मग नखं. साध्या नेलकटरने भागत नाही, पक्कडीसारखा मोठा कटर लागतो. त्याची धार लावायचं काम माझं, आणि त्यात मी कोणाला हात घालू देत नाही. कडा घासायच्या, टाचेला तेल लावायचं. आणि हे सगळं चालू असताना खोलीत तिसरं माणूस नको. "पाय दाखवताना माणसाला लाज वाटते," ती म्हणते. म्हणून मी टब उचलून आत ठेवायचो, पाणी ओतायचो आणि जिन्यात जाऊन बसायचो. काम झालं की नखांची पुडी आणि टबातलं पाणी टाकायलाही मीच.

या सोयीसाठी नंबर लावलेल्यांच्या यादीत गणिताच्या बाई होत्या. आमच्या भागातले निम्मे लोक त्यांच्या हातचा मार खाऊन मोठे झालेले. ऐंशीच्या घरात आल्या तरी पाठ ताठ. घरात त्या आणि त्यांची लेक, दोघीच. लेक छत्तीस वर्षांची, पण संधिवाताने विशीतच गाठलेली. हाताची बोटं वळलेली, गुडघे-कंबर आखडलेली, दोन काठ्यांवर खोलीतून खोलीत जायची. कुठल्याशा कंपनीच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं काम ती घरातून करायची. जिन्यात बसलो की तिचा आवाज ऐकू यायचा, "मी समजू शकते, सर." मला नेहमी वाटायचं, हा समोरचा सर पंख्याच्या आवाजावरून रडतोय आणि ही समजू शकते.

एकदा बाईंकडची पुडी टाकायला नेताना ती माझ्या हातातून सुटली. उचलायला वाकलो, तर नखं लाल. लालभडक नेलपेंट लावलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"नखं," ही म्हणाली.

"लाल?"

"असते एकेकीला हौस."

"बाईंना? या वयात?"

"वयाचा आणि हौसेचा काय संबंध? स्कूटर काढा."

मी स्कूटर काढली. पण माझ्या मनातल्या बाई त्या दिवशी बदलल्या. बाहेरून पांढरी साडी, करडी नजर, आणि मोज्यांच्या आत लाल नखं! मला त्या एकदम आवडायला लागल्या. पुढच्या खेपेला न राहवून मी दारातच म्हणालो, "बाई, हौस टिकवलीत हं तुम्ही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू फळ्यावरचं गणित मीच चुकवलंय. मला वाटलं, लाजल्या.

मग एका सकाळी बाई उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या.

संस्थेत शोकसभा झाली. लेक पहिल्या रांगेत होती, काठ्या मांडीवर आडव्या. एकामागून एक सगळे उठले आणि तेच बोलले. बाई कडक होत्या, बाई शिस्तीच्या होत्या, बाईंनी आम्हाला घडवलं. मला ऐकवेना. एवढं मोठं माणूस गेलं आणि सगळे फक्त छडीबद्दल बोलतायत! मी उठलो. हिने माझा शर्ट मागून ओढला, मी सोडवला.

"बाईंची दुसरी बाजू तुम्हाला माहीत नाही," मी म्हणालो. "बाई हौशी होत्या. शेवटपर्यंत पायाच्या नखांना लाल नेलपेंट लावायच्या. आमच्या घरून सेवा जाते म्हणून मला ठाऊक."

मला वाटलं, लोक हसतील, डोळे पुसतील. पण बाईंना शेवटची साडी नेसवणाऱ्या शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांनी पाय पाहिले होते. एक म्हणालीसुद्धा, "काहीतरीच काय, नखं साधीच होती की."

"काका," लेक म्हणाली, "ती माझी नखं होती."

अध्यक्षांनी चष्मा काढला. हे पूर्वी वकिली करायचे. "म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"आईला वाकता यायचं. मला येत नाही. आई तिचा नंबर मला द्यायची, काकू माझी नखं काढायच्या. मग रंग आई लावायची."

ही उभी राहिली. "खरं आहे. बाई म्हणाल्या, माझ्याऐवजी हिची काढ. मी काढली. नियमात बसत नाही हे मला माहीत होतं." आणि खाली बसली. मी अजून उभाच होतो. बसायचं कसं ते मला सुचत नव्हतं.

ही जागा त्या चर्चेची नाही, असं अध्यक्ष म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात सभा ठेवली. विषय एकच, साठीच्या आतल्यांना संस्थेची सेवा द्यायची की नाही. तोवर वहिनींनी तिकडे जाऊ नये. बाईंचं नाव यादीतून निघालं आणि त्यांच्या जागी खालचं नाव वर सरकलं.

घरी आमचं वाजलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सभेत बोलला असतात."

"न सांगताच बोललो की!"

यावर तिला हसू आलं, पण ते तिने गिळलं. "तिच्या उजव्या अंगठ्याचं नख आत वळतं," ती म्हणाली. "वेळेवर कापलं नाही की टोचतं. पाय टेकता आला नाही तर काठ्या काय कामाच्या? बाथरूमपर्यंत जायची पंचाईत. आता घरात दुसरं कोणी नाही."

"मग जा की गुपचूप."

"गुपचूप नाही. बाई होत्या तोवर नंबर बाईंचा होता, त्यांनी कोणालाही दिला असता. आता गेले तर ती चोरी."

माझं मत मी तेव्हाही लपवलं नाही. मी विरुद्ध होतो. पोरीबद्दल वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण आज एक, उद्या दहा. अपघातातले, लकव्यातले, बाळंतपणात कंबर गेलेल्या, सगळ्यांना पाय असतात. आणि त्या सगळ्या पायांपुढे गुडघे टेकणार कोण? मला हिचे गुडघे दिसत होते. संध्याकाळी जिना चढताना ती कठड्याला धरून थांबते आणि मला सांगते, किल्ली शोधतेय. डॉक्टरांनी निदान रविवारी तरी गुडघे टेकू नका म्हणून सांगितलंय. रविवारी ती कोणाकडे जात नाही. फक्त माझी नखं काढते.

सभेला खुर्च्या कमी पडल्या. एरवी हिशेब मंजूर करायला पाच डोकी येतात.

सगळ्यात आधी टेलरकाकू बोलल्या. यांनी जन्मभर मशीनवर वाकून कपडे शिवले, आता पाठ वाकलेलीच राहिली आहे, आणि तरी गंमत अशी की पायापर्यंत हात पोचत नाही. "माझं वाईट दिसेल, पण बोलते," त्या म्हणाल्या. "मला नंबरासाठी सहा आठवडे थांबावं लागतं. पाचव्या आठवड्यात मी टाचेवर चालते. अजून माणसं घेतलीत तर आठ आठवडे होतील, दहा होतील. तरुणांना सगळं जग आहे. दुकानं त्यांची, दवाखाने त्यांचे, मोबाइल त्यांचे. आपल्याला ही एक खोली आहे. तीही वाटायची?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ही शेजारी बसली होती, तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

"सगळं जग आहे म्हणता ना आजी," लेक म्हणाली. तिचा आवाज फोनवरचाच होता, चढत नाही आणि उतरतही नाही. "मी जगाला विचारून बघितलं. दवाखान्यात म्हणतात, नखं कापणं आमचं काम नाही, पिकलं तर या. अपंगांच्या संस्थेने काठ्या दिल्या, खुर्ची देतो म्हणाले. नखांचं विचारलं तर हसले. पार्लरची मुलगी घरी आली, माझी बोटं बघून घाबरली. साठीला मला चोवीस वर्षं आहेत. तोवर नखं थांबणार असतील तर मीही थांबते."

टेलरकाकूंनी पदर नीट केला.

"पोरी, तुझं दुःख मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण ज्यांना एवढा कळवळा येतोय त्यांनी आपला नंबर द्यावा. तुझ्या आईने दिला तसा. दुसऱ्याचा नंबर वाटायला कोणाचं काय जातं?"

अध्यक्षांना हे एकदम पटलं. वकीलच ते. "हे नियमातही बसवता येईल," ते म्हणाले. "सभासदाने स्वतःचा नंबर कोणत्याही वयाच्या माणसाला दिला तर संस्थेची हरकत नाही. कोण देतंय?"

मी सभोवार बघितलं. अर्धी माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. यातल्या कितीकांना व्यवस्थित वाकता येतं हे हिला पक्कं ठाऊक आहे. दोघं-तिघं तर फक्त गप्पा मारायला मिळतात म्हणून नंबर लावतात. पण हिने एकाचंही नाव घेतलं नाही. पर्स मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर.

एकही हात वर झाला नाही. मग मतदान झालं. वयाची अट तशीच राहिली, थोड्या मतांनी, पण राहिली. मी अट राहावी म्हणून हात वर केला होता. आपला नंबर देण्याचा नियम तेवढा सगळ्यांनी आनंदाने मंजूर केला, कारण तो कोणी वापरणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं.

लेकीने काठ्या सावरल्या. उठताना तिने उजवा पाय टेकला नाही, नुसता टेकवल्यासारखा केला. माझ्या शेजारून जाताना म्हणाली, "काका, आईबद्दल बोललात ते मला आवडलं. खरं नव्हतं, पण आवडलं." एवढं बोलून ती दाराकडे गेली आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

घरी आल्यावर हिने कुकर लावला, माझं ताट वाढलं. तिने भांडण काढलं असतं तर मी भांडलो असतो, माझी तयारी होती. ही नेहमीसारखी वागत राहिली, आणि त्याचं काय करायचं ते मला समजेना.

रविवार आला. मी नेहमीप्रमाणे टब भरला, खुर्चीत बसलो, पाय भिजवले. ही वर्तमानपत्र घेऊन आली, अंथरलं. आणि खाली बसायच्याऐवजी समोरच्या पलंगावर बसली.

"वाका," ती म्हणाली.

"काय?"

"वाका बघू. अंगठा धरता येतो का?"

"मला काय झालंय?" मी म्हणालो, आणि रागाच्या भरात वाकून अंगठा धरलासुद्धा. दोन्ही पायांचा. धरल्यावर लक्षात आलं.

तिने कटर माझ्या हातात दिला. "धार तुमचीच आहे," ती म्हणाली.

मी कुरकुरलो. माझं मत बदललेलं नाही, हे बजावलं. संस्था म्हाताऱ्यांची आहे आणि ती तशीच राहावी, हेही सांगितलं. डॉक्टरांचं नावही घेतलं.

"डॉक्टरांनी रविवारी गुडघे टेकू नका सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्या पायांसाठी टेकलेले चालायचे, ते कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

मी नखं कापली. वाकडीतिकडी कापली, करंगळीशी थोडं लागलं, मध्ये दोनदा दम घेतला. लेथवर केसाएवढा फरक पकडणारा माणूस मी, आणि स्वतःच्या अंगठ्याशी घाम फुटला. ती बघत होती. हसत नव्हती, पण बघत होती.

"झाला माझा रविवार मोकळा," ती उठत म्हणाली. "स्कूटर काढा. आणि जाताना ती ठेंगणी खुर्ची घ्या. खाली नाही बसत मी आता."

लेकीने दार उघडायला बराच वेळ लावला. तिच्या मागे घर स्वच्छ होतं, पण जमिनीवर पडलेलं काहीच उचललेलं नव्हतं. पेन, एक रुमाल, औषधाचं झाकण. पडलेल्या वस्तू उचलणारं माणूस आता घरात नव्हतं. मी ते सगळं उचललं.

"नियम काय म्हणतो?" तिने विचारलं.

"एका सभासदाने आपला नंबर दिला," ही म्हणाली. "तो बघ, तिकडे उभा आहे. जास्त बोलू नकोस त्याच्याशी, आज चिडलाय."

मी टब ठेवला, पाणी ओतलं आणि जिन्याकडे निघालो. अंगठ्याला हात लागल्यावर लेक ओरडली, तेवढं जिन्यात ऐकू आलं. मग दोघींचं हसणं. माझ्यावरच हसत असणार.

काही वेळाने हिने हाक मारली. "अहो, आत या."

मी दारात थांबलो. तिसरं माणूस आत नको, हा तिचाच नियम. तिने हाताने बोलावलं. लेकीचे पाय टॉवेलवर होते, नखं नीट कापलेली, उजव्या अंगठ्याची कड लाल झालेली, पण मोकळी. टीपॉयवर नेलपेंटची बाटली होती.

"माझ्याने होत नाही," ही म्हणाली. "ब्रश बारीक, चष्मा लावला तरी रंगाची कड दिसत नाही. तुमचा हात पक्का आहे."

"मी? नेलपेंट?"

"राहू दे काकू," लेक पटकन म्हणाली. "तेवढ्यासाठी नका. नखं झाली, पुष्कळ झालं."

तिने ते फोनवरच्या आवाजात म्हटलं, आणि मला तेच सहन झालं नाही. नखं कोणीतरी काढून देईल. पण रंग तिची आई लावायची, आणि तो कुठल्याच संस्थेच्या कुठल्याच नियमात येत नाही. मी ठेंगण्या खुर्चीवर बसलो. बाटली घट्ट बसली होती, बाईंनीच शेवटची बंद केलेली. मी ती रुमालाने धरून हळूच फिरवली.

दहाही नखं मी रंगवली. एकाही ठिकाणी रंग कडेबाहेर गेला नाही, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. लेक पायांकडे बघत राहिली. तिच्या गालावरून पाणी आलं, तिने ते वळलेल्या बोटांच्या पाठीने पुसलं.

मी उठायला गेलो, तर म्हणाली, "काका, थांबा. वाळेपर्यंत पाय हलवायचा नसतो. आई बसायची तोवर."

मग आम्ही तिघं बसून राहिलो.